फाटक्या बुटांची वाट : महामंदी आणि चॅप्लिनचे मूकपट

३० जानेवारी १९३१ ची रात्र. लॉस एंजेलिस शहरातील ब्रॉडवे रस्त्यावर नव्याने उभारलेल्या 'लॉस एंजेलिस थिएटर'चे उद्घाटन होते आणि त्याच मुहूर्तावर चार्ली चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' हा मूकपट प्रथमच लोकांसमोर येत होता. खास निमंत्रितांमध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन होते. बाहेर रस्त्यावर लोटलेली गर्दी आवरताना पोलिसांची तारांबळ उडाली होती. चित्रपट सुरू झाला, हशा पिकू लागला, आणि तीन रिळे संपतात न संपतात तोच पडदा कोरा होऊन सभागृहातले दिवे लागले. ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की, चित्रपट पुढे सुरू करण्यापूर्वी प्रेक्षकांनी पाच मिनिटे या नव्या वास्तूची वैशिष्ट्ये लक्षात घ्यावीत. चॅप्लिनचा तोल सुटला. तो व्यवस्थापकाला शोधत धावत सुटला. प्रेक्षकांनीही आरडाओरडा केला, तेव्हा कुठे उरलेला चित्रपट पुढे सरकला. हा प्रसंग चॅप्लिननेच १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. शेवटच्या प्रसंगी आइन्स्टाइन डोळे पुसताना दिसले, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. (चॅप्लिनला 'अहोजाहो' करणे प्रस्तुत लेखकाला जमत नाही. वाचक क्षमा करतील.)

या प्रसंगातली गंमत पुरती ध्यानात यायची असेल, तर 'सिटी लाइट्स'चा पहिला प्रसंग आठवावा लागेल. शहरात एका भव्य स्मारकाचे अनावरण आहे. स्मारकाचे नाव 'शांतता आणि समृद्धी'. नगरप्रमुख आणि प्रतिष्ठित स्त्रीपुरुष भाषणे करीत आहेत, पण त्यांच्या तोंडून शब्दांऐवजी पिपाणीसारखा किरटा आवाज तेवढा निघतो. बुरखा वर उचलला जातो आणि समृद्धीच्या पुतळ्याच्या मांडीवर मुटकुळे करून झोपलेला एक बेघर भटक्या सर्वांच्या दृष्टीस पडतो. पडद्यावर ही थट्टा नुकतीच होऊन गेलेली, आणि तिकडे सोनेरी मुलाम्याच्या त्या सभागृहात व्यवस्थापक लोकांना सांगतो आहे की, आमच्या भिंती पाहा, आमची झुंबरे पाहा. त्याने चित्रपट पाहिलाच नव्हता की काय, कोण जाणे!

महामंदीचा तो दुसरा हिवाळा होता. २९ ऑक्टोबर १९२९ रोजी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, त्याला पंधरा महिने झाले होते. जेमतेम अडीच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९२८ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना हर्बर्ट हूवर यांनी ग्वाही दिली होती की, दारिद्र्यावरच्या अंतिम विजयाच्या इतक्या समीप अमेरिका पूर्वी कधीही पोहोचली नव्हती. १९३३ उजाडेपर्यंत त्याच अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे एक बेकार झाला होता. हजारो बँका बुडाल्या होत्या. पावाच्या तुकड्यासाठी आणि वाटीभर सूपसाठी रांगा लागत होत्या. शहरांच्या कडेला पत्रे, फळ्या आणि खोकी जोडून उभ्या राहिलेल्या झोपड्यांच्या वस्त्यांना लोकांनी उपरोधाने 'हूवरव्हिल' असे नाव दिले होते. चित्रपटांचा धंदाही या तडाख्यातून सुटला नाही. १९३० च्या सुमारास अमेरिकेत आठवड्याला आठ-नऊ कोटी तिकिटे खपत असत असा अंदाज आहे. दोन-तीन वर्षांत हा आकडा सहा कोटींच्या आसपास उतरला. प्रेक्षकाला परत आणण्यासाठी चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली, आणि काही ठिकाणी तर तिकिटाबरोबर बशा वाटण्यापर्यंत मजल गेली.

अशा काळात विनोदी चित्रपटांनी लोकांना धीर दिला, असे आपण सहज म्हणून जातो. ते खोटे नाही, पण ढोबळ आहे. धीर अनेक प्रकारचा असतो. 'होईल सारे ठीक' असे पाठीवर थोपटून सांगणारा एक, आणि काही न बोलता आपल्याशेजारी येऊन बसणारा दुसरा. हॉलिवूडने पहिल्या प्रकारचा धीर भरपूर विकला. १९३३ च्या 'गोल्ड डिगर्स' या संगीतिकेत सुरुवातीलाच नाण्यांची वस्त्रे ल्यालेल्या नर्तकी पैशाचे गाणे गात पडद्यावर येतात. उपाशी माणसाला पक्वान्नाचे चित्र दाखवावे, तसला तो प्रकार. चॅप्लिनचा धीर दुसऱ्या जातीचा होता, आणि तो तसा आहे याचा पुरावा त्याच्या चित्रपटांच्या शेवटांत सापडतो.

ते शेवट ओळीने मांडून पाहावेत. १९१८ च्या 'अ डॉग्ज लाइफ'मध्ये भटक्याला चोरांनी लपवलेले पाकीट मिळते आणि शेवटी तो आपल्या शेतावर, आपल्या घरात, बायकोसह सुखात राहतो. १९२१ च्या 'द किड'मध्ये त्याने सांभाळलेल्या पोराची आई आता नामांकित व धनवान झालेली आहे. शेवटी तिच्या वाड्याचे दार भटक्यासाठी उघडते. १९२५ च्या 'द गोल्ड रश'मध्ये तर तो सोन्याच्या खाणीचा भागीदार, कोट्यधीश होऊनच जहाजावर चढतो, आणि प्रेयसीही त्याच जहाजावर भेटते. म्हणजे भरभराटीच्या वर्षांत चॅप्लिनने आपल्या भटक्याला घर, पैसा आणि प्रतिष्ठा सढळ हाताने दिली. आता पुढचे पाहा. १९३१ च्या 'सिटी लाइट्स'च्या शेवटी भटक्या नुकताच तुरुंगातून सुटलेला, पूर्वीपेक्षाही अधिक फाटका आहे. १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'च्या शेवटी नोकरी नाही, घर नाही, मागे पोलीस आणि पुढे रिकामा रस्ता. मधल्या १९२८ च्या 'द सर्कस'चा शेवट एकाकी आहे आणि तो मंदीपूर्वीचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इतिहास काही फूटपट्टीने आखलेला नसतो. पण एकंदर दिशा स्पष्ट आहे. लोकांच्या खिशात पैसा होता तेव्हा चॅप्लिनने त्यांना श्रीमंतीचा शेवट दिला. त्यांचे खिसे रिकामे झाले तेव्हा मात्र खोट्या नाण्याने ते भरण्याचा मोह त्याने टाळला. आणि नवल असे की, अधिक उमेद आपल्याला या दुसऱ्या जोडीतच जाणवते.

हे वेगळेपण कळण्यासाठी त्याच्या समकालीनांकडे दृष्टिक्षेप टाकणे उपयोगाचे ठरेल. हॅरॉल्ड लॉइड हा १९२० च्या दशकातला अतिशय लोकप्रिय विनोदवीर. गोल चष्मा, गवती टोपी, व्यवस्थित कपडे आणि वर चढण्याची दुर्दम्य हौस. १९२३ च्या 'सेफ्टी लास्ट'मध्ये गावाकडून शहरात आलेला हा दुकानातला नोकर गर्दी जमवण्याच्या एका युक्तीपायी स्वतःच उंच इमारतीच्या भिंतीवरून चढत जातो, घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो आणि अखेर गच्चीवर पोहोचून प्रेयसीच्या मिठीत विसावतो. विशेष म्हणजे, १९१९ साली एका स्फोटात लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. तशा हाताने त्याने ही कसरत केली. माणसाने कष्ट केले, धाडस केले, की तो वरच्या मजल्यावर पोहोचतोच, ही त्या दशकाची श्रद्धा लॉइडने एका भिंतीवर चढून दाखवली. १९३० साली 'फीट फर्स्ट' या बोलपटात त्याने पुन्हा इमारतीच्या भिंतीवर लोंबकळण्याचा प्रयोग केला. या वेळी त्याच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. मला तरी त्यात हसू कमी आणि धास्ती जास्त वाटते. वर चढून गेलेली कितीतरी माणसे नुकतीच खाली कोसळलेली असताना त्या कसरतीतली निरागसता उरणे कठीणच होते. बस्टर कीटनचे दैव आणखी वेगळे. घराची आख्खी दर्शनी भिंत अंगावर कोसळावी आणि नेमक्या उघड्या खिडकीच्या जागी उभा असल्याने आपण वाचावे, आणि तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलू नये, असा हा कलावंत. १९२८ साली तो एका बड्या चित्रसंस्थेच्या नोकरीत गेला आणि स्वतःच्या चित्रपटांवरची त्याची मालकी संपली. मंदीच्या वर्षांना साजेसा चेहरा खरे तर त्याचाच होता. तो वापरण्याचे स्वातंत्र्य त्याच्यापाशी उरले नाही.

चॅप्लिनपाशी हे स्वातंत्र्य होते, कारण त्याच्यापाशी पैसा होता. इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. १९१६ सालीच म्यूच्युअल कंपनीने त्याच्याशी वर्षाला सहा लाख सत्तर हजार डॉलरचा करार केला होता. १९१९ साली मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्यासह त्याने 'युनायटेड आर्टिस्ट्स' ही स्वतःची वितरणसंस्था उभारली. शेअर बाजाराच्या पडझडीतूनही तो सहीसलामत सुटला. मेजर डग्लस या इंग्रज लेखकाचे अर्थशास्त्रावरील पुस्तक वाचून आणि वाढती बेकारी पाहून त्याने १९२८ सालीच आपले शेअर आणि रोखे विकून टाकले होते. बाजार कोसळण्याच्या आदल्या दिवशी त्याने गीतकार अर्व्हिंग बर्लिन याला तोच सल्ला दिला, तेव्हा बर्लिनने त्याच्यावर देशाचा भरवसा नसल्याचा आरोप केला, असे तो सांगतो. तेव्हा प्रश्न असा की, लक्षाधीश माणसाने भुकेल्याचे सोंग घेऊन भुकेल्यांना हसवावे, यात सचोटी कितीशी?

याचे उत्तर लंडनमध्ये शोधावे लागते. १८८९ साली जन्मलेला चार्ली सात वर्षांचा असताना, १८९६ साली, आई हॅना आणि भाऊ सिडनी यांच्यासह लँबेथच्या वर्कहाउसमध्ये दाखल झाला. वर्कहाउस म्हणजे कंगालांना कामाच्या मोबदल्यात आसरा देणारी सरकारी संस्था. तेथे दाराशीच आई व मुले यांची ताटातूट होई. पुढे त्याची रवानगी हॅनवेलच्या अनाथ-निराधार मुलांच्या शाळेत झाली. आई एके काळची गायिका, पण मनाचा तोल गेल्याने तिला वारंवार रुग्णालयात न्यावे लागे. वडीलही गायक, ते दारूपायी १९०१ साली गेले. म्हणजे भूक ही चॅप्लिनने कुठून उसनी आणलेली नव्हती.

त्या बालपणातली एक आठवण त्याने सांगून ठेवली आहे आणि ती फार बोलकी आहे. घराजवळच्या रस्त्यावरून कत्तलखान्याकडे नेल्या जाणाऱ्या मेंढ्यांपैकी एक मेंढी एके दिवशी निसटली. तिला धरण्यासाठी लोक धावू लागले, एकमेकांवर आदळू लागले, पडू लागले. बघ्यांची हसून मुरकुंडी वळली. छोटा चार्लीही खिदळत होता. मेंढी सापडली, तिला घेऊन गेले, आणि तिचे आता काय होणार हे उमजताच तो रडत आईकडे धावला. शोक आणि विनोद यांची आपल्या चित्रपटांतली सांगड कदाचित त्या दिवशीच बसली असावी, असे त्याला वाटे. 'मॉडर्न टाइम्स' सुरू होतो तो मेंढ्यांच्या कळपाच्या चित्राने. धक्काबुक्की करीत पुढे सरकणारा तो कळप विरतो आणि त्याच्या जागी कारखान्याकडे निघालेल्या कामगारांचे लोंढे दिसू लागतात. कळपात एकच मेंढी काळी आहे. समीक्षक हे चित्र यंत्रयुगावरची टीका म्हणून नोंदवतात आणि ते बरोबरच आहे. मला मात्र तिथे दर वेळी लंडनच्या रस्त्यावरचा तो मुलगा दिसतो.

भुकेची थट्टा करायची पण भुकेल्याची नाही, हे चॅप्लिनला साधले याचे मर्म त्याच्या भटक्याच्या शिष्टाचारात आहे. 'द गोल्ड रश'मधला बूट शिजवून खाण्याचा प्रसंग घ्या. बर्फात अडकलेले दोन उपाशी सोबती. भटक्या स्वतःचा बूट उकळतो, सराईत वाढप्यासारखा ताटलीत काढतो, वरचे कातडे आणि तळवा वेगळे करतो. सोबती चांगला भाग स्वतःकडे ओढतो. तेव्हा भटक्या खिळे असलेला तळवा पुढ्यात घेतो, मासळीचे काटे चोखावेत तसा एकेक खिळा चोखतो आणि बुटाची नाडी शेवयांसारखी काट्यावर गुंडाळतो. (तो बूट ज्येष्ठमधापासून बनवलेला होता.) ताटात काय आहे याची त्याला पुरती जाणीव आहे. तरीही जेवणाची रीत तो सोडत नाही. पात पडलेल्या घरातल्या मंडळींना हे सांगावे लागत नाही. वाडा गेला तरी पाटपाणी कसे मांडायचे हे घरातल्या आजीला ठाऊक असते. चॅप्लिनची तोकडी कुडती, फुटकी डर्बी टोपी आणि वेताची छडी यांचा अर्थ हाच. ती श्रीमंतीची नक्कल नाही. दारिद्र्याने आपल्याकडून सारे काही काढून घेतलेले नाही, याची ती निशाणी आहे.

'सिटी लाइट्स' हा या शिष्टाचाराचा परमोच्च बिंदू. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' आला आणि दोन-अडीच वर्षांत मूकपटांचा बाजार उठला. तरीही चॅप्लिन डिसेंबर १९२८ मध्ये सुरू केलेला हा चित्रपट मुकाच ठेवण्याचा हट्ट धरून बसला. फूल विकणाऱ्या आंधळ्या मुलीची आणि भटक्याची पहिली भेट त्याने शेकडो वेळा पुन्हा चित्रित केली. अडचण एवढीच होती की, हा फाटका माणूस श्रीमंत आहे असा तिचा समज व्हावा कसा, तोही एका शब्दावाचून. शेवटी उपाय सापडला तो मोटारीच्या दाराच्या आवाजाचा. दार आपटल्याचे तिला ऐकू येते आणि गाडीतून उतरलेला कुणी धनिक आपल्यासमोर उभा आहे, असे ती धरून चालते. मूकपटातला सर्वांत महत्त्वाचा क्षण न ऐकू येणाऱ्या आवाजावर उभा आहे! न्यूयॉर्कमध्ये हा चित्रपट लावण्यासाठी मनासारखे चित्रपटगृह मिळेना, तेव्हा चॅप्लिनने स्वतः एक नाट्यगृह भाड्याने घेतले. मंदी ऐन भरात होती आणि चित्रपट मुका होता. तरी लोकांनी तो उचलून धरला.

या चित्रपटातला लक्षाधीश मोठा मासलेवाईक आहे. दारूच्या नशेत तो भटक्याला मिठी मारतो, भाऊ म्हणतो, मोटार देऊन टाकतो. शुद्धीवर आला की त्याला ओळखतही नाही आणि घराबाहेर काढायला लावतो. भरभराटीच्या दशकावर याहून नेमके भाष्य क्वचितच झाले असेल. नशा होती तोवर सारेच एकमेकांचे सोबती होते. भटक्याला मिळालेला पैसाही त्या नशेतलाच. त्यातून मुलीच्या डोळ्यांचा इलाज होतो आणि त्याला मात्र चोरीच्या आळाने तुरुंग भोगावा लागतो. शेवटी ती मुलगी डोळसपणे आपल्या फुलांच्या दुकानात उभी आहे, आणि काचेबाहेरच्या फाटक्या माणसाला पाहून तिला हसू येते. दयेपोटी ती एक फूल आणि एक नाणे देऊ करते. हात हातात येतो, आणि बोटांना जे ठाऊक होते ते डोळ्यांना कळते. पुढे काय होते हे चॅप्लिन दाखवीत नाही. त्या दोघांचे जुळेल का, याचे उत्तर बहुधा नकारार्थीच असेल. पण तिने त्याला ओळखले आहे. १९३१ साली रांगेत उभा राहून सूप घेणाऱ्या माणसाचे सर्वांत मोठे दुःख उपासमार हे नव्हते. ओळखीच्या कुणी आपल्याला त्या रांगेत पाहू नये असे वाटणे, हे ते दुःख होते. चॅप्लिनने त्याला दाखवले की, पाहिले जाण्यातून सुटकाही होऊ शकते.

यानंतर तो जगाच्या सफरीवर निघाला, आणि याच सफरीत त्याची गांधीजींशी गाठ पडली. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला आलेले होते आणि पूर्व भागातल्या कामगारवस्तीत मुक्काम करून होते. २२ सप्टेंबर १९३१ रोजी कॅनिंग टाउनमध्ये डॉ. कटियाल यांच्या घरी ही भेट झाली. चॅप्लिनने विचारले की, भारताच्या स्वातंत्र्याच्या आकांक्षेशी मी सहमत आहे, पण यंत्रांविषयीचा आपला तिटकारा मला उमगत नाही. यंत्राने माणसाचे कष्ट वाचतील, त्याला फुरसत मिळेल. गांधीजींच्या उत्तराचा आशय असा होता की, यंत्रांमुळेच आम्ही इंग्लंडचे आश्रित झालो, म्हणून यंत्राच्या मालावर बहिष्कार घालून स्वतः सूत कातणे हे आम्ही कर्तव्य मानतो. चॅप्लिन प्रार्थनेलाही थांबला. या भेटीतूनच 'मॉडर्न टाइम्स' जन्मला असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. तो दावा मला थोडा ताणलेला वाटतो. चॅप्लिनने स्वतः एका तरुण वार्ताहराचा हवाला दिला आहे. डेट्रॉइटच्या कारखान्यांत शेतांवरून आलेले धडधाकट तरुण सरकत्या पट्ट्यावर चार-पाच वर्षे काम करून मनाने खचून जातात, असे त्या वार्ताहराने त्याला सांगितले होते. शिवाय १९२३ साली त्याने फोर्डचा कारखाना स्वतः पाहिलेला होता. मात्र १९३१ साली यंत्राची बाजू घेऊन प्रश्न विचारणाऱ्या माणसाने पाच वर्षांनी यंत्राच्या दातेरी चक्रात अडकलेला कामगार पडद्यावर आणावा, यात त्या संध्याकाळचा काहीच वाटा नसेल असेही म्हणवत नाही.

'मॉडर्न टाइम्स' ५ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. बोलपट येऊन आठ वर्षे उलटली होती. या चित्रपटात माणसाचा आवाज ऐकू येतो, पण कशातून? मालकाच्या पडद्यावरील प्रतिमेतून, ग्रामोफोनच्या तबकडीतून, रेडिओतून. म्हणजे यंत्राद्वारेच. मालक कचेरीत कोडे जुळवीत आणि वर्तमानपत्रातली चित्रे चाळीत बसलेला असतो, आणि मधूनमधून पट्ट्याचा वेग वाढवण्याचा हुकूम देतो. दोन्ही हातांत पाने घेऊन सरकणारे नट आवळता आवळता भटक्याच्या हातांना अशी सवय जडते की, थांबल्यावरही ते वळवळतच राहतात. जेवणाची सुट्टी वाचवण्यासाठी कामगाराला जेवू घालणारे यंत्र आणले जाते. ते बिघडते, मक्याचे कणीस तोंडावर गरगरा फिरवते आणि घासाऐवजी लोखंडी नट भरवू लागते. गिरण्यांच्या भोंग्यावर ज्या गावांची घड्याळे लावली जात त्यांपैकी एका गावात माझे बालपण गेले. तिथल्या चित्रमंडळीने हा चित्रपट दाखवला तेव्हा गिरण्या बंद पडून काही वर्षे झाली होती. या प्रसंगाला सभागृह हसून लोटपोट झाले. पुढे बंद कारखान्याच्या फाटकाशी उडालेली कामगारांची झुंबड दिसली, तेव्हा मात्र मागच्या रांगांतले हसणे एकदम थांबले.

मंदीचे तपशील या चित्रपटात किती काटेकोरपणे आले आहेत, हे पाहण्याजोगे आहे. रस्त्यावरच्या मुलीचा बेकार बाप निदर्शनांच्या वेळी गोळी लागून मरतो. ७ मार्च १९३२ रोजी डिअरबॉर्न येथे फोर्डच्या कारखान्यावर गेलेल्या भुकेल्यांच्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसे मेली होती, हे तेव्हाचा प्रेक्षक विसरलेला नव्हता. मालमोटारीवरून पडलेले लाल निशाण भटक्या परत देण्यासाठी हलवीत धावतो, मागून मोर्चा येतो, आणि पुढारी समजून पोलीस त्यालाच उचलतात. तुरुंगात मात्र त्याला खाणेपिणे आणि बिछाना मिळतो. सुटका झाल्याचे कळताच, मला इथेच राहू द्या, अशी विनवणी तो करतो. बाहेर आल्यावर पुन्हा आत जाता यावे म्हणून उपाहारगृहात भरपेट जेवतो आणि पैसे नाहीत हे स्वतःच पोलिसाला बोलावून सांगतो. बाहेरच्या जगापेक्षा तुरुंग बरा, ही त्या वर्षांची खरी शोकांतिका होती, आणि तिच्यावर प्रेक्षक पोट धरून हसत होते. मोठ्या दुकानात रात्री पहारेकरी असताना तिथे चोर शिरतात, आणि त्यांतला एक कारखान्यातला जुना सोबती निघतो. आम्ही चोर नाही, आम्ही भुकेले आहोत, असे तो सांगतो, आणि मग सगळे मिळून दुकानातली दारू पितात.

चॅप्लिनवर तेव्हाही दोन्ही बाजूंनी टीका झाली. उजव्यांना हा साम्यवादाचा प्रचार वाटला. डाव्यांना वाटले की, हा गृहस्थ रोग दाखवतो पण उपाय सांगत नाही, हसवून लोकांचा संताप निववतो. नाझी जर्मनीने तर चित्रपटावर बंदीच घातली. डाव्यांच्या आक्षेपात तथ्य आहे, असे मला वाटते. भटक्या संपात सामील होत नाही, संघटना बांधत नाही. लाल निशाण त्याच्या हाती येते ते अपघाताने. १९३६ च्या डिसेंबरअखेरीस फ्लिंटमध्ये जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून जो संप केला आणि जिंकला, त्याची पूर्वखूण या चित्रपटात शोधू नये. चॅप्लिनने अर्थशास्त्रावर पुष्कळ वाचले, जागतिक कर्जफेडीची योजनाही कागदावर मांडली, पण त्याची प्रतिभा तिथे नव्हती. ती होती फळ्यांच्या झोपडीत. मुलगी शोधून काढते ते घर म्हणजे पाण्याच्या काठची एक खोपट. दार लावताच तुळई डोक्यात पडते, टेबलावर हात टेकताच ते बसते, आणि दोघांच्या चेहऱ्यांवर राजवाड्यात शिरल्याचा आनंद. तत्पूर्वी दोघांनी आपल्या भावी घराचे स्वप्न पाहिलेले असते. त्यात दाराशी द्राक्षे लटकलेली आणि हाक मारताच गाय येऊन दूध देऊन जाते. हूवरव्हिलमधल्या किती जोडप्यांनी असे स्वप्न रंगवले असेल! चॅप्लिन त्या स्वप्नाची टर उडवतो, पण स्वप्न पाहणाऱ्यांना ओशाळे करीत नाही.

आता शेवटाविषयी. हा शेवट चॅप्लिनला सहजी सापडला नाही. प्रथम त्याने वेगळाच शेवट चित्रित केला होता. मनाचा ताण असह्य होऊन भटक्या रुग्णालयात आहे. तो बरा होऊन बाहेर पडतो तेव्हा ती मुलगी संन्यासिनीच्या वेषात त्याला भेटते, निरोप घेते, आणि तो एकटाच वाटेला लागतो. करुण, सुबक आणि त्याच्या जुन्या शेवटांच्या चालीवरचा हा शेवट होता. चित्रण पूर्ण झाल्यावर त्याने तो काढून टाकला. कलेच्या दृष्टीने तो वाईट होता असे नाही. परंतु बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांना एकटेपणाची आणखी एक गोष्ट सांगणे त्याला नकोसे झाले असावे, असा माझा तर्क आहे.

चित्रपटात उरला तो दुसरा. उपाहारगृहातली नोकरी मिळते. गाण्याचे शब्द लिहिलेले कफ नाचता नाचता उडून जातात, आणि भटक्या कुठल्याच भाषेत नसलेले शब्द गाऊन सभा जिंकतो. जगाने चॅप्लिनचा आवाज चित्रपटात ऐकला तो हा, पहिल्यांदाच, आणि तोही निरर्थक! पण मुलीच्या मागावर असलेले अधिकारी येतात आणि दोघांना पळावे लागते. पहाट होते. रस्त्याच्या कडेला बसून दोघे थकले पाय चोळत आहेत. धडपड करून काय उपयोग, म्हणून मुलीला रडू कोसळते. भटक्या तिची समजूत घालतो. काय सांगतो? नोकरी मिळेल असे सांगत नाही, दिवस पालटतील असेही सांगत नाही. आपले निभेल, एवढेच. दोघे उठतात, कमरेचा पट्टा आवळतात आणि चालू लागतात. चार पावलांवर तो थांबतो, तिच्या उदास चेहऱ्याकडे पाहतो, आणि ओठांच्या कडांवर बोटे नेऊन तिला हसायची खूण करतो. ती हसते. मग पाठमोरी होऊन दोन माणसे लांबच्या डोंगरांकडे जाताना दिसतात. १९१४ पासून हा भटक्या कितीदा तरी असाच पाठमोरा चालत गेला होता. पुन्हा तो पडद्यावर आला नाही. या अखेरच्या खेपेला त्याच्याबरोबर कुणीतरी होते.